रोटाचा वाटेकरी

माझा देवावर विश्वास नव्हता असं नाही, पण तो सणासुदीला फळीवरून काढायच्या भांड्यांसारखा होता, रोजच्या वापरातला नव्हता. सोनगीरजवळच्या आमच्या गावात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. आई तिच्यासाठी आठवडाभर राबायची, आणि मी शाळामास्तर असल्याच्या तोऱ्यात तिची थट्टा करायचो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कानबाईच्या आदल्या दिवशी माझी बायको रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, धुतलेले गहू वाळत घालायला घराच्या धाब्यावर चढली. उतरताना शिडी निसटली आणि ती कुशीवर पडली. आधी उठून हसली, काही झालं नाही म्हणाली. थोड्याच वेळात तिचे ओठ पांढरे पडले, आणि भिंतीला टेकून बसली ती उठेचना. आईने देवघराकडे पाहून हात जोडले, तेव्हा माझा तोल गेला.

"तुझ्या कानबाईपायीच झालं हे!"

आई चिडली नाही. "तीच पाही आते. तू हिले धुये ली जाय," एवढंच म्हणाली.

हमरस्त्यावर हात केला आणि एक ट्रक थांबला. ड्रायव्हर इंदूरकडचा, दाढीवाला, कमी बोलणारा. तो प्रवास मला आजही स्वप्नासारखाच आठवतो. उन्हातच भुरभुर पाऊस पडत होता, दोन्हीकडची हिरवी बाजरी पाण्याखालून पाहावी तशी हलत होती. बायकोचं डोकं माझ्या मांडीवर होतं. "पाखरं गहू खाई जातीन," ती मधूनच पुटपुटायची. मग गप्प झाली, आणि तिने पुन्हा गव्हाचं नाव काढावं म्हणून मी वाट पाहू लागलो.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोटात रक्तस्राव होतो आहे, लगेच ऑपरेशन करावं लागेल. पण तिचा रक्तगट दुर्मीळ होता, तसलं रक्त शिल्लक नव्हतं आणि माझं जुळलं नाही. गावाकडून माणसं येईपर्यंत ती टिकेल, असं कुणी म्हणेना.

मी व्हरांड्यात बसलो. नवस सुचेना, रडू येईना. माझं सगळं शहाणपण तिथे संपलं. मनात कानबाईला म्हटलं, आई, मला काहीच कळत नाही, आता तूच बघ. आणि आश्चर्य म्हणजे आतली धडधड शांत झाली. काही मिळालं नव्हतं, तरी शांत झाली.

डोळे उघडले तर समोर तो ड्रायव्हर, हातात बायकोची चप्पल. "भैया, बाई की चप्पल गाड़ी में रह गयी थी." एका चपलेसाठी तो भरला ट्रक वळवून आला होता. माझा चेहरा पाहून त्याने काय झालं ते विचारलं, ऐकलं आणि बाही वर केली. "मेरा भी देख लो." त्याचं जुळलं. मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर तोच संकोचून मागे सरला.

बायको वाचली. परतीच्या फेरीत तो तिची चौकशी करायला फाट्यावर विचारत घरी आला. कपडे न्यायला मी नेमका घरीच होतो. आईने त्याला पाटावर बसवलं आणि पुढ्यात रोट ठेवला. कानबाईचा रोट फक्त घरचे आणि भाऊबंद खातात, बाहेरच्याला त्याचा तुकडाही देत नाहीत. काकू दारातच थबकली.

"अक्का, बाहेरना माणूसले रोट?"

"बाहेरना कसा? मन्ही सूनना आंगमा त्यानं रगत शे."

तो मान खाली घालून जेवला. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

पुढच्या श्रावणात आई रोटासाठी गहू काढायला बसली. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मूठ टाकायची आमच्याकडे रीत आहे. सगळी नावं झाल्यावर तिने आणखी एक मूठ भरली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचं नाव आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. "तिले माहित शे," देवघराकडे पाहून म्हणत आईने मूठ सुपात सोडली.

तो पुन्हा कधी आला नाही. आता आई नाही, मुठी बायको टाकते. त्याची मूठ आली की मी हात जोडतो.