वहीतलं औषध

प्रयोगशाळेतल्या सगळ्यात धाकट्या संशोधिकेनं दोन वर्षं खपून जंतूंमध्ये नवं जनुक बसवलं, तेव्हा कुठे ते निळ्या दिव्याखाली हिरवे चमकले. तिथल्याच सीनियर दादानं त्या जंतूंच्या नळीवरचं तिचं नाव पुसून स्वतःचं लिहिलं.

ती भांडली नाही. नवं जनुक टिकावं म्हणून जंतू वाढवायच्या बशीत अँटिबायोटिक घालावंच लागायचं; पण त्या जंतूंना एकच पचायचं, दुसरं घातलं की ते मरायचे. कोणतं, ते फक्त तिच्या वहीत होतं. वही तिनं घरी नेऊन देवाच्या तसबिरीमागे ठेवली.

सरांना दाखवायच्या दिवशी दादाची बशी कोरी करकरीत निघाली.

"अगं, यात घालायचं काय असतं?" तो घामाघूम होऊन कुजबुजला.

"लेकरू पळवलंत दादा, पण त्याला काय पचतं ते आईला विचारायचं राहिलं," म्हणत तिनं आधीच राखून ठेवलेल्या दुसऱ्या नळीतून वाढवलेली आपली हिरवी बशी सरांपुढे सरकवली.