लेकीच्या डोळ्यातली सुई
स्पिरिटचा वास आला की मला चंद्रपूरचा तो दवाखाना आठवतो. सातव्या महिन्यातच जन्मलेल्या आमच्या लेकीचे डोळे तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “डोळ्याच्या पडद्याला ऑक्सिजन कमी पडला, म्हणून पेशींतलं एक जीन चालू झालं. ते नव्या रक्तवाहिन्या वाढवूनच राह्यलं. त्यांनी पडदा ओढला तर पोरीले दिसणार नाई. ते रोखायले आजच डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागते.” बायकोने लेकीला छातीशी घट्ट धरलं. “एवढुशा डोळ्यात सुई? मले भेव लागते.” मी संमतीपत्रावर सही केली आणि लेकीला आत नेलं. आतून लेकीचं रडणं आलं आणि एकदम थांबलं. आम्ही दाराकडे बघत राहिलो. आठवड्याने तपासलं, तेव्हा त्या रक्तवाहिन्यांची वाढ थांबली होती. आज ती शाळेत शेवटच्या बाकावरून फळा वाचते, तरी तिने डोळे चोळले की माझं काळीज हलतं.