खिळ्यावरचा अख्खा शर्ट

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अर्लिन टॉर्गसनने ओढ्याकाठचा अर्धा एकर नांगरला. त्यात राय हे गवती धान्य आणि सलगम पेरले. हे पीक कापायचं नव्हतं. हरणांनी येऊन खावं, एवढ्यासाठीच ते होतं.

एरवी पेरणी वरच्या माळावर होई, शिकारीच्या मचाणांसमोर. यंदा त्याने जागा बदलली, कारण शिकारीतला जुना सोबती डेल्मर कुबियाक याला शिडी चढणं आता जमणार नव्हतं. वसंतात पक्षाघाताने डेल्मरची डावी बाजू गेली. त्याला चाळीस मैलांवर शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं. अर्लिनने पेरणीच्या कडेला जमिनीवरच दबा धरून बसायला लाकडी लपण बांधलं. तीन भिंतींना खिडक्या, चौथीला दार.

"नोव्हेंबरात येतो," डेल्मर म्हणाला होता. "हंगामाचे नऊच्या नऊ दिवस. कॉफी तू करायची नाहीस, एवढीच अट."

शिकारीच्या कँपात एके काळी सहा जण असत. दोघे वारले. एक ऍरिझोनाला लेकीकडे गेला. एकाने रायफल विकली आणि पुन्हा विषय काढला नाही. उरले हे दोघे.

चुलीमागच्या भिंतीवर शर्टांचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते. कँपाचा नियम असा होता, की हरणावर गोळी झाडून ज्याचा नेम चुकेल, त्याच्या शर्टाचा मागचा घोळ त्याच संध्याकाळी जेवणाआधी कापायचा. कात्री दुसऱ्याच्या हातात. तुकड्यावर नाव आणि साल घालायचं. भिंतीवर एकतीस तुकडे होते. त्यातले अकरा डेल्मरचे. अर्लिनचा एकही नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी डेल्मरने एक रिकामा खिळा ठोकला आणि त्याच्याखाली पेन्सिलीने लिहिलं, 'अर्लिन'. दर वर्षी आल्या आल्या तो त्या खिळ्याला बोट लावून बघे.

"गंज चढला रे याला. किती वाट बघायला लावशील?"

हंगाम शनिवारी सुरू व्हायचा होता. शुक्रवारी दुपारी डेल्मरच्या मुलीचा, जोऍनचा फोन आला.

"अर्लिनकाका, बाबांना नाही पाठवता येणार. डॉक्टर नको म्हणतात."

"बरं."

"ते बोलत नाहीयेत माझ्याशी."

"बोलेल. कॉफी मागताना बोलेल."

"तुम्ही एकटेच आहात का तिथे?"

"एकटा कसा? हरणं आहेत की."

फोन ठेवल्यावर त्याने डेल्मरच्या बिछान्यावरची घडी केलेली घोंगडी उचलली, आणि परत तिथेच ठेवली.

शनिवारी पहाटे तो आपल्या मचाणाकडे निघाला. अर्ध्या वाटेवर थांबला. मग ओढ्याकडे वळला आणि डेल्मरच्या लपणात जाऊन बसला. कोणीतरी तिथे बसायला हवं होतं. रविवारी बर्फ पडला. थंडी आणि बर्फ खाऊन सलगमाचा पाला गोड होतो, तशी हरणं येऊ लागली. आधी माद्या आल्या. त्याने रायफल उचलली नाही.

मंगळवारी सकाळी नर आला. आठ टोकांची शिंगं. त्याने मान खाली घालून एक सलगम मुळासकट उपटला आणि चावत उभा राहिला. अंतर सत्तर पावलं. अर्लिनने नेम धरला आणि गोळी झाडली. नराने मान वर केली, सलगम टाकला आणि तो झाडीत गेला. पळाला असंही म्हणवत नव्हतं.

रीतीप्रमाणे तो बाहेर पडून बघायला गेला. बर्फात रक्त नव्हतं. केस नव्हता. मागच्या भोजपत्राच्या खोडात, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर गोळी रुतलेली होती. चाळीस वर्षं तो वरून खाली बघत नेम धरत आला होता. जमिनीवर बसून बघायची डोळ्यांना सवयच नव्हती.

संध्याकाळी त्याने डब्यातला घेवडा गरम केला. खाल्ला नाही. आधी शर्ट, मग जेवण. त्याने लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट काढून टेबलावर पसरला आणि भिंतीवरची कात्री काढली. कोणी पाहिलं नव्हतं. गोळीचा आवाज कोणी ऐकला असेल, तरी कोणाची आणि कशावर, हे विचारायला कोणी येणार नव्हतं. त्याला तेच खुपलं. कात्री दुसऱ्याच्या हातात हवी. बराच वेळ तो बनियनवर बसून राहिला. मग घेवडा थंडच खाल्ला.

बुधवारी सकाळी शर्ट आणि कात्री कागदी पिशवीत घालून तो शहरात गेला.

डेल्मर खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होता. शब्द ओठांच्या उजव्या कडेने येत.

"कोण मेलं? की कँप जळाला? हंगामातल्या बुधवारी तू इथे?"

"नेम चुकला."

"कोणाचा?"

"माझा."

डेल्मर इतका हसला, की नर्स दारातून डोकावून गेली.

"किती लांबून?"

"सत्तर पावलं."

"सत्तर पावलांवरून माझी आई मारेल. आणि तिला जाऊन वीस वर्षं झाली."

"हास. हसून घे." अर्लिनने शर्ट त्याच्या मांडीवर ठेवला आणि कात्री उजव्या हातात दिली. "घे. काप."

डेल्मरने कात्री उघडली, मिटली. शर्टाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग कात्री परत केली.

"इथे नाही."

"का?"

"मलाच विचारतोस? कँपात. भिंतीसमोर. जेवणाआधी."

"डेल्मर, चाळीस मैल आलोय मी."

"मी अकरा शर्ट दिलेत, लेका. या फिनेलच्या वासात तुझा एकुलता एक कापू? पुढच्या वर्षी येतो. तोवर धुवायचासुद्धा नाही."

अर्लिनने कात्री पिशवीत टाकली. डेल्मरचा डावा हात शर्टावर पडून होता. जसा पडला होता, तसाच.

"ही खुर्ची जाते ना त्या लपणात?" डेल्मरने विचारलं.

"जाते," अर्लिन लगेच म्हणाला.

"उद्या सण आहे. जोऍन टर्की करतेय. थांब की."

"हरणं एकटी पडतील."

थोड्या वेळाने डेल्मरला झोप लागली. अर्लिनने त्याच्या मांडीवरून शर्ट हळूच ओढून घेतला. खाली वाकून त्याची बाही या चाकापासून त्या चाकापर्यंत ताणली. एक बाही आणि वर चार बोटं.

परतल्यावर तो कँपात न जाता तसाच ओढ्याकडे गेला. बर्फातून रायचे हिरवे शेंडे दिसत होते. सलगम कुरतडलेले होते. पावलांचे ठसे ताजे होते, आणि त्यातले काही मोठे होते. तो नर परत आला होता.

अर्लिनने लपणाच्या दाराला बाही लावली. बाही भरायच्या आतच चौकट संपली. खाली वीतभर उंचीचा उंबरठाही होता. बांधताना त्याच्या डोळ्यांसमोर चालत येणारा डेल्मर होता.

हंगामाचे चार दिवस उरले होते. इथे ठोकाठोक केली, तर या चार दिवसांत एकही हरीण फिरकणार नव्हतं.

तो कँपात गेला. शर्ट अख्खाच्या अख्खा त्या रिकाम्या खिळ्याला अडकवला. करवत आणि पहार घेऊन तो परत खाली आला आणि त्याने आधी उंबरठा उखडायला घेतला.