कापसावर पडायला शिकवणाऱ्या मॅडम

साल दोन हजार वीस. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि उभ्या जन्मात कोण्या माणसापुढे वाकलो नव्हतो. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण अक्कल कुणाकडून उसनी घेतली नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण गेल्या महिन्यात रेखा मॅडम गेल्याचा फोन आला, तेव्हापासून मला त्या सालची एकच सकाळ दिसते… आमच्या माजघरातली, कापसानं भरलेली.

मॅडम दिग्रसला कराटे शिकवायच्या. माझी नात राणी गावाहून एसटीनं त्यांच्याकडे जायची. त्या वर्षी एसटी बंद, वर्ग बंद, कापसाची खरेदीही बंद. बोंडअळीतून वाचलेला कापूस घराघरात आढ्याला टेकला आणि माणसं ओसरीवर निजू लागली. अशात मॅडमचा फोन, की उद्यापासून वर्ग मोबाइलवर, सकाळी सहाला, घरचा फोन वावरात जायच्या आत. मी म्हणालो, "मॅडम, हे काय रेडिओवरचं भजन हाय? हातपाय मारणं फोनवर कसं शिकवान?" त्या हसल्या नाहीत. "काकाजी, पोट्टे येतीन परत. पोरी एकदा घरी बसल्या का त्यायले कोणी पाठवत नाही. मले एकही सुटू द्यायची नाही."

भिंत आणि ढीग यांच्या मधल्या बोळकांडीत राणी लाथ मारायची, तर पाय भिंतीलाच लागायचा. बाकी पोरींचंही तेच. फोनमध्ये ज्या त्या चौकटीत, जिच्या तिच्या मागे कापूसच कापूस. मॅडमनी काही दिवस नुसतं पाहिलं. मग एका सकाळी म्हणाल्या, "पोरींनो, तुमच्या मागं गादी हाय. तिच्यावर गोधडी टाका. आज पडाले शिकू."

माझं डोकं फिरलं. राणीच्या हातातून फोन घेतला. "लक्ष्मीवर पाय देता? काही लाजलज्जा?" सगळ्या पोरी ऐकत होत्या.

"काकाजी, गाडी भरतानी कापूस कायनं दाबता?"

सांगावंच लागलं, पायानंच दाबतो, माझ्या बापानंही पायानंच दाबला.

"अन् दाबाच्या आधी?"

"पाया पडतो."

"मंग आमीबी पडू. आमच्या कराटेतही वाकल्याशिवाय गादीवर पाय ठेवत नाहीत."

घराघरातून पोरी कापसापुढे वाकल्या. तिकडे मॅडम रिकाम्या हॉलमध्ये, एकट्या, वाकल्या. त्यांच्याकडे ना कापूस, ना गादी. उघड्या फरशीवर ती बाई पाठीमागे कोसळली, पंजा फाडकन फरशीवर आपटला, आणि उठून उभी. परत पडली, परत उठली. "हनुवटी छातीले लावा, डोकं वाचवा," एवढंच म्हणत होत्या. त्या सालात पडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती. पण दुसऱ्याला पडता यावं म्हणून स्वतः दगडावर पडणारं माणूस… मी फोन खाली ठेवायचंच विसरलो. राणी डोळे मिटून पडली, आणि केसात कापूस घेऊन हसत उठली.

पुढे एसटी सुरू झाली, पण लांबच्या पोरींसाठी सकाळचा वर्ग त्यांनी चालूच ठेवला. आजारपणात खुर्चीवर बसून शिकवलं. एकही पोरगी सुटू दिली नाही.

गेल्याची खबर आली त्या संध्याकाळी राणी रडून रडून थकून बसली. आता काळ्या पट्ट्याची झाली ती, मॅडमच्या हाताखाली शिकवायची. म्हणाली, "आबाजी, उद्या वर्ग नाही. संपलं आता."

"काहून संपलं? पोरी सुटतीन न मंग."

औंदा भाव पडलेला, म्हणून कापूस परत घरातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून ढिगावर गोधडी अंथरली, फोन धान्य मोजायच्या पायलीला टेकवून उभा केला, राणीला हाक मारली. पोरी एकेक करून चौकटीत आल्या. मॅडमची चौकट तेवढी नव्हती. मी चप्पल उंबऱ्याबाहेर काढली, आणि राणीच्या आधी वाकलो.