झाकण उघडायचं नाही

गिरणी कॉलनीतल्या आम्ही बायका आता चार गावांना पांगलोय. पण कुणाच्या घरच्या लग्नात एकत्र आलो की पंगतीत जिलबीच्या आधी केकचे किस्से निघतात. एकीनं एक काढला की दुसरीला दोन आठवतात, आणि तिसरी म्हणते, "थांबा, तुम्ही चुकीचं सांगताय!" मागे एकदा शेजारच्या पंगतीतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही बेकरी चालवत होतात का हो?" छे! आम्ही नुसत्या घाबरत होतो. केक हे निमित्त.

जळगाव आणि धुळ्याच्या मध्ये, कापसाच्या शेतांत आमची सूतगिरणी होती आणि तिला लागून कॉलनी. शिफ्ट सुरू होताना भोंगा, सुटताना भोंगा. मधेच अवेळी वाजला तर आग, हे कॉलनीतल्या रांगत्या पोरालाही ठाऊक. कापूस तो! ठिणगी पडायचाच अवकाश. माझे मिस्टर तिथे इलेक्ट्रिशियन. ते कामावर गेले की माझा जीव त्या भोंग्याला टांगलेला असायचा. मी मुळातच भित्री. माहेरी मला 'ससा' म्हणायचे, आणि ते कौतुकानं नव्हे.

तर ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, म्हणजे कांचनभाभींच्या मिस्टरांच्या दुकानात, जळगावहून केकची पाकिटं आली. भाभी राजस्थानकडच्या, जैन. त्यांची पिंकी, शेजारच्या मंगलाचा बंटी आणि माझी मनू, तिघंही बालवाडीतली. भाभी म्हणाल्या, "पाकीट फोडा, दूध घाला, घोटा, झालं! बच्चे लोकांचा टाइमपास."

टाइमपास! ऐका आता.

* * *

पहिला केक मंगलाकडे, कुकरमध्ये. तळाशी वाळू, वर केकचा डबा, आणि शिट्टी काढून ठेवायची, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. तिनं सगळं तसंच केलं. आम्ही बाहेरच्या खोलीत पोरांना घेऊन वास यायची वाट बघत बसलो.

तेवढ्यात तिचे मिस्टर, दिलीपभाऊ, शिफ्टवरून आले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. बाहेर येऊन म्हणाले, "काय हा वेंधळेपणा! कुकरला शिट्टीच नाही. मी लावली."

मंगला धरणगावची. एरवी आमच्याशी शुद्ध बोलायची, पण घाबरली की माहेरची अहिराणी बाहेर पडायची. "सरका बठ्ठा! फुटस वं माय हाई!" असं किंचाळून तिनं पोरांना कॉटखाली लोटलं आणि मागोमाग आम्हीही शिरलो. गॅस बंद करायला कोण जाणार? शेवटी दिलीपभाऊंनी दाराआड उभं राहून जळमटं काढायच्या काठीनं गॅसचं बटण फिरवलं.

आणि कॉटखालून बंटीचा आवाज आला, "आई, किती शिट्ट्या झाल्या?"

* * *

त्या प्रकारानंतर आम्ही वर्गणी काढून ओव्हन आणला. तोच तो, अॅल्युमिनियमचा गोल डबा, झाकणावर काचेची खिडकी. तो राहायचा माझ्याकडे, कारण माझे मिस्टर इलेक्ट्रिशियन! पण अख्ख्या गिरणीची वायरिंग सांभाळणाऱ्या माणसाला घरच्या प्लगचं अर्थिंग करायला कधी सवड झाली नाही. ओव्हनला हात लावला की झिणझिण्या यायच्या.

त्यांनी उपाय काढला. ओव्हनपाशी जाताना पायात रबरी चपला घालायच्या आणि लाकडी पाटावर उभं राहायचं. झाकणाला हात मोठ्यांनीच लावायचा, तोही पाटावरूनच. पोरांना हे इतकं पाठ झालं की केक म्हटलं की आधी पाट आणि चपला शोधायची.

माझ्या सासूबाईंना सगळी कॉलनी अक्का म्हणायची. धुळ्याकडच्या खेड्यातल्या, कडक सोवळ्याच्या. गावाहून आल्या आणि दारातूनच त्यांना दिसलं की नात चपला घालून पाटावर उभी आहे.

"पाटवर चपला! देव कोपी ना वं!"

मिस्टर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अक्का, देव कोपेल सावकाश. करंट आधी लागेल."

अक्का त्या दिवसापासून आमच्या ओव्हनकडे पाठ करून बसायला लागल्या.

* * *

अंड्याचा किस्सा भाभी नसताना सांगायचो. आता त्याच आधी सांगतात.

पाकिटावर अंडी घाला असं लिहिलेलं असायचं. पण पिंकी आमच्यात खाणार, म्हणून ठरलं होतं की आपल्या केकमध्ये अंडं पडणार नाही. त्याऐवजी दही घालायचं. आम्ही ते पाळलंही, अगदी देवाशपथ. फक्त मंगलानं एकदा तिच्या घरी, तिच्या कुकरमध्ये, तिच्या घरच्यांपुरता एक अंड्याचा केक केला होता. बंटीनं तो पाहिला होता.

पुढच्या रविवारी भाभींच्या सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या. आम्ही त्यांच्यापुढे बशी ठेवली. त्यांनी तुकडा उचलला, आणि बंटी मोठ्या अभिमानानं म्हणाला, "आजी, आज अंडं नाही घातलं हं!"

आज!

शेजार तुटतो आता, पिंकीचं येणं बंद होतं, एवढंच माझ्या डोक्यात. आजींनी तुकडा बशीत ठेवला आणि उठून गेल्या. मंगला रडायच्या बेतात. आम्ही भाभींना सगळं खरं खरं सांगितलं. त्या ऐकून घेऊन तशाच घरी गेल्या.

दुसऱ्या रविवारी भाभी दारात हजर. हातात स्वतःचं पातेलं, स्वतःची रवी. "आजपासून घोटणार मी," म्हणाल्या. "आणि ह्या बंटीला माझ्यासमोर बसवा."

* * *

हा बंटी म्हणजे एक प्रकरणच होतं. मे महिन्यात एके दुपारी त्यानं आमच्याकडे पाकिटातलं कोरडं पीठच चमच्यानं खाल्लं. वर तांब्याभर पाणी प्यायला. मी हादरले. ओरडले, "अरे, पोटात फुगेल ना ते!"

झालं! त्यानं विचार केला की पीठ पोटात गेलं, पाणीही गेलं, आता राहिली फक्त भट्टी. आणि बाहेर आपलं जळगावचं ऊन! पोरगं दाराबाहेर पाऊल टाकेना. "उन्हात गेलो तर भाजेल," म्हणून माठाला मिठी मारून बसलं. गारेगारवाला घंटी वाजवत आला आणि गेला, तरी हलला नाही.

मंगला त्याला न्यायला आली. बिचारी स्वेटर विणता विणता उठून आलेली. केक झाला की नाही हे आम्ही विणायची सुई खुपसून बघायचो, हे बंटीनं दर वेळी पाहिलेलं. आईच्या हातात सुई दिसली मात्र! अशी किंकाळी फोडली आणि त्या उन्हात अनवाणी पार गिरणीच्या गेटपर्यंत पळाला.

वॉचमननं पकडून आणला. "बाई, हा म्हणतो, आई मला भोसकून बघणार आहे!"

* * *

कॉलनीची लाइट गिरणीच्याच लाइनवर होती. एकदा मी ओव्हन लावला आणि त्याच क्षणी लाइट गेली. आमचीच नाही, सगळ्या कॉलनीची. आणि गिरणीचा घरघर आवाजही थांबला. तो आवाज आमच्या कानांना इतका सवयीचा की थांबला की छातीत धस्स व्हायचं.

मला वाटलं, माझ्या ओव्हननं गिरणी बंद पाडली! मी ओव्हन चादरीत गुंडाळून कॉटखाली ढकलला. मनूला बजावलं, कुणी विचारलं तर आपण आज केक केलाच नाही. संध्याकाळपर्यंत दारावर थाप पडली की मी आधी कॉटपुढे जाऊन उभी राहायचे.

मिस्टर आले. मी रडत रडत कबुली दिली. त्यांनी शांतपणे बूट काढले, हातपाय धुतले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मॅनेजर साहेबांनी एवढंच विचारलंय, व्हॅनिला होता की चॉकलेट?"

* * *

आता एक नियम सांगायचा राहिला.

आमच्याकडे केक कापायचा तो ज्याची शिफ्ट असेल तो माणूस घरी आल्यावरच. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप पडलेली रीत. एकदा पोरांनी फारच हट्ट केला म्हणून आधी कापला, आणि त्याच दिवशी दिलीपभाऊंचं बोट मशीनमध्ये सापडलं. नखावर निभावलं, पण आम्हा बायकांची तोंडं बघायला हवी होती! शिकल्यासवरलेल्या म्हणवणाऱ्या आम्ही, पण त्यानंतर सुरीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पोरांनी ते मनावर कोरूनच घेतलं. मनू तर बाहुलीलाही सांगायची, "बाबा आल्याशिवाय कापायचा नाही. आणि झाकण उघडायचं नाही, केक खाली बसतो."

त्या दिवशी तिच्या बाबांचा वाढदिवस होता. सकाळपाळी. कापसाचा हंगाम, गोदाम छतापर्यंत भरलेलं. भाभींनी त्या दिवसापुरती घोटायची सूट दिली आणि मनूनं पहिल्यांदाच स्वतः पाकीट फोडलं, स्वतः घोटलं. मी डबा ओव्हनमध्ये ठेवला, झाकण लावलं. मनू चपला घालून पाटावर उभी राहिली.

आणि भोंगा वाजला.

सुटीचा नव्हता. थांबेचना. खिडकीतून पाहिलं तर गोदामावर धूर.

मंगला बंटीला कडेवर घेऊन धावत आली, हात पिठानं भरलेले. भाभी दुकानाचं शटर ओढून आल्या. गेट बंद केलेलं, बायकांना आत सोडत नव्हते. आम्ही ओट्यावर उभ्या राहिलो. आयुष्यभर ज्याला घाबरत आले ते असं भर सकाळी, स्वच्छ उजेडात येईल असं कधी वाटलं नव्हतं.

जळका वास यायला लागला. बाहेरून येतोय की आतून, कळेना. मग लक्षात आलं, केक! मी आत धावले. बटणाकडे हात नेला तर मनू दोन्ही हात पसरून आडवी आली.

"नाही! बाबा आल्याशिवाय नाही!"

"उघडत नाही गं, नुसता बंद करते. जळतोय."

"जळू दे!"

शहाणी माणसं म्हणतील, एक चापट द्यायची आणि बंद करायचा. खरं सांगते, मीच हात मागे घेतला. त्या क्षणी मलाही वाटलं, आपण काही बदलायला नको. आहे तसं राहू दे.

देवापाशी बसलेल्या अक्का उठल्या. दाराबाहेर जाऊन आपल्या चपला घालून आल्या. त्या चपला घालून घरात! दुसरा पाट पायानं सरकवून मनूशेजारी आणला आणि त्यावर उभ्या राहिल्या.

"मी बी शे तुनाजोडे," म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "कोनी हात लावू नका."

दिलीपभाऊ आले. काळेठिक्कर झालेले, पण धडधाकट. मंगला त्यांच्याकडे धावली नाही, माझा हात धरून उभी राहिली. भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, गोदामाचा मेन स्विच बंद करायला आत गेला होता तो. मी बाहेर पडलो तेव्हा आतच होता."

त्यानंतर किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. ओव्हनच्या काचेतून काही दिसत नव्हतं. मनू आणि अक्का पाटांवर तशाच. अक्कांचे ओठ हलत होते.

मग दार लोटलं गेलं. मिस्टर! भुवया जळलेल्या, केसांत राख, एका पायातला बूट नाही. चौकटीला धरून उभे राहिले. ते ओव्हनकडे दोन पावलं आले.

मनूनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि दरडावून म्हणाली, "बाबा, आधी चपला!"

अक्का पाटावरून उतरल्या. पायातल्या चपला काढून लेकापुढे सरकवल्या. त्यांनी त्या आईच्या चपलांत पाय घातले, पाटावर चढले, आणि त्या दिवसातलं दुसरं बटण बंद केलं. मग झाकण उचललं. भपकन धूर निघाला. आत केक नव्हताच, कोळसा होता.

मनूनं टाचा उंच करून डब्यात डोकावलं. मग टाळ्या पिटत नाचायलाच लागली.

"बसला नाही! बाबा, बघा ना, बसला नाही!"