चीफ रिसबुडांचं तेलाचं जहाज

शनिवार पेठेत श्यामसुंदर रिसबुडांना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. नौदलात ते विजेच्या कामावर होते आणि चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. पुढे चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी बरीच वर्षं विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या, पण पेठेला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. पेठेने त्यांना चीफ केलं आणि तसंच ठेवलं.

त्यांच्याकडून उत्तर काढणं अवघड. सकाळी दूध आणायला निघालेल्या चीफना कोणी विचारावं, "काय चीफ, कुठे?" तर ते थांबतात, पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतात आणि म्हणतात, "का? आपलं काही काम होतं?" किटलीचं झाकण पिशवीतून दिसत असतं. तरी सांगत नाहीत.

जहाज कधी निघणार, कुठे जाणार, परत कधी येणार हे कोणाला बोलायचं नाही, हे विशीतच त्यांच्या अंगात मुरलं होतं. घरीही बोलायचं नाही. त्यांच्या पत्नी उल्काकाकू त्या काळात पत्रं लिहायच्या ती मुंबईतल्या एकाच टपाल कचेरीच्या पत्त्यावर. जहाज कोचीला असो, विशाखापट्टणमला असो की भर समुद्रात, पत्ता तोच. "मैत्रिणींचे नवरे नागपूरला, नाशकाला असायचे. माझा नवरा टपालात," असं काकू एकदा मला म्हणाल्या. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

यंदा आमच्या मंडळाने गणपतीपुढे नौदलाच्या ताफ्याचा देखावा करायचं ठरवलं. पाण्याने भरलेला मोठा हौद आणि त्यात चालणारी जहाजं. अध्यक्ष रविराज यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. मोटारी आणि वायरी त्यांच्याकडून मिळणार होत्या. जहाजं चीफ बनवणार होते, मंडळाच्या बंद गाळ्यात. आमोद नावाचा हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा ती कॉम्प्युटरवरून चालवणार होता. मराठीत एमए केलेलं पेठेत दुसरं कोणी रिकामं नसल्यामुळे निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं.

चीफच्या अटी तीन होत्या. गाळ्याची किल्ली एकच आणि ती त्यांच्याकडे. आत फोन आणायचा नाही. आम्हा तिघांखेरीज कोणी पाऊल टाकायचं नाही.

"चीफ, आपण गणपती बसवतोय," रविराज म्हणाले. "युद्ध नाही."

"पलीकडच्या मंडळाला विचारा, ते काय करतायत," चीफ म्हणाले.

हे मात्र खरं होतं. आमच्या आणि पलीकडच्या मंडळात देखाव्यावरून इतकी जुनी तेढ आहे की दोन्हीकडचे लोक एकाच टपरीवर चहा पितात आणि एकमेकांच्या कपाकडेही संशयाने बघतात.

गाळ्यात हळूहळू ताफा उभा राहिला. प्लायवूडची विमानवाहू नौका, तिच्या आगेमागे विनाशिका, एक पाणबुडी, दोन लहान गस्तीनौका. सगळ्यांना तोच राखाडी रंग. पावसाळी दुपारी मुठेवर जो असतो, तो. आणि सगळ्यांच्या मधे एक लांबट, बुटकं, ना तोफा ना क्षेपणास्त्रं असलेलं जहाज.

"हे काय?" रविराजांनी विचारलं.

"तेलाचं जहाज. टँकर."

"लोक क्षेपणास्त्र बघायला येणार, चीफ. टँकर त्यांना रोज कात्रजच्या घाटात दिसतो."

"तेल संपलं की तुमचं क्षेपणास्त्र वल्हवत न्यावं लागेल," चीफ म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

त्यांची नौदलातली बहुतेक वर्षं अशाच एका जहाजावर गेली होती. चालत्या जहाजाने चालत्या जहाजाच्या अंगाला अंग लावल्यासारखं जायचं, मधल्या उसळत्या पाण्यावरून नळी पलीकडे द्यायची, आणि दोघांनीही वेग न बदलता तेल पुरं होईपर्यंत तसंच राहायचं. चीफनी ते हौदात जमवलं होतं. टँकर आणि विनाशिका शेजारी यायच्या, एक बारीक नळी तारेवरून सरकत जायची आणि पलीकडे जाऊन बसायची. पहिल्यांदा ती बसली तेव्हा आमोद टाळ्या वाजवणार होता. चीफनी नुसतं बघितलं, त्याने हात खिशात घातले.

त्या दिवशी ते मला आपणहून एक वाक्य बोलले. "हिने ते जहाज कधी पाहिलं नाही. एकदा मुंबईला डबा घेऊन आली, तर आम्ही आधीच निघालो होतो. पहिल्या दिवशी हिला सगळ्यांत पुढे उभी करणार आहे." मग टँकरवर ताडपत्री ओढली. काकूंनाही गाळ्यात मज्जाव होता.

माझ्या निवेदनातलं पहिलं वाक्य त्यांनी काढायला लावलं. मी 'अथांग सागराचे निर्भय प्रहरी' असं काहीतरी लिहिलं होतं. "निर्भय कोणी नसतं," ते म्हणाले. "तेल पुरतं की नाही ही भीती सगळ्यांना असते."

आणि मग जुलैच्या शेवटी आमोदच्या फोनवर एक फोटो आला. पलीकडच्या मंडळाचं काम यंदा धायरीत चाललं होतं. पेठेत जागा उरली नाही, माणसं तिकडे राहायला गेली, पण मंडळ सोडलं नाही, अशातल्या एकाच्या पार्किंगमध्ये. आमोदच्या मित्राने कुंपणावरून फोटो काढला होता. राखाडी रंग, हौद, विमानवाहू नौका. तिथवर ठीक होतं. नौदल कोणालाही सुचलं असतं. पण मधोमध एक लांबट, बुटकं जहाज होतं आणि त्यातून शेजारच्या जहाजावर गेलेली एक नळी.

मंडळाच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. रविराजांनी फोटो टेबलावर फिरवला.

"अख्ख्या पुण्यात गणपतीपुढे तेलाचा टँकर ठेवायचं एकाच माणसाला सुचू शकतं," ते म्हणाले. "ते पार्किंग कोणाचं आहे, माहीत आहे ना चीफ? राजसचं. तुमच्या साडूंच्या मुलाचं."

"राजसला मी गेल्या दिवाळीनंतर भेटलेलो नाही."

"मी कुठे म्हटलं, भेटलात? मी फक्त पार्किंग सांगितलं."

"गाळ्यात चौघं जातात," चीफ म्हणाले. "मी बोललो नाही. उरले तीन."

खोलीतली हवाच बदलली. रविराज आमोदकडे बघायला लागले, आमोद माझ्याकडे, आणि मी, मला काहीच कारण नसताना, खाली. रविराज शेवटी म्हणाले, "पंधरा ऑगस्टपर्यंत बघू. संशयाचं बोट तुमच्याकडे वळलं, तर किल्ली माझ्याकडे आणि तुम्ही प्रेक्षकांत."

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. आमोद गाळ्यात आला की चीफ त्याचे खिसे नजरेने चाचपायचे. रविराज वायर द्यायला म्हणून यायचे आणि चीफना कोणाचा फोन येतो ते बघत बसायचे. मीही शिकले. टपरीवर कोणी "देखावा कुठवर आला?" असं सहज विचारलं की मी म्हणायला लागले, "का? आपलं काही काम होतं?"

एका संध्याकाळी गाळ्यात चीफ आणि मी दोघंच होतो. चीफ ब्रश धूत होते. "अपूर्वा," ते हळूच म्हणाले, "जहाजाच्या अंगावर मोठा नंबर असतो, लांबून ओळखायला. टँकरला माझ्या खऱ्या जहाजाचा देणार आहे. तेहेतीस. अजून रंगवलेला नाही. बोलू नकोस कोणाकडे." मला फार बरं वाटलं. इतक्या बंद माणसाने आपल्यासाठी एक दार उघडलं, असं घरी जाईपर्यंत वाटत राहिलं. मी कोणालाही सांगितलं नाही.

दुसरा फोटो आठवड्याभराने आला. पलीकडच्या टँकरवर आता पांढरा नंबर होता. चौतीस.

पुन्हा तीच खोली. चीफनी आमोदचा फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग फोन पालथा ठेवला.

"रविराज, तुम्हाला मी कुठला नंबर सांगितला होता?"

"एकतीस." रविराज चपापले. "कोणाला सांगू नका म्हणालात म्हणून मी..."

"आमोद?"

"बत्तीस."

"तेहेतीस," मी न विचारता म्हणाले. माझ्यासाठी उघडलेलं दार सगळ्यांसाठी उघडलं होतं, आणि प्रत्येकाच्या दारामागे भिंत होती.

"म्हणजे आम्हाला ट्रॅप लावला?" आमोद म्हणाला. "सीरियसली, काका? मी दोन महिने वीकेंडला घरी नाही झोपलो तुमच्या बोटींसाठी."

"जहाजांसाठी," चीफ म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

"नियमाचं राहू द्या," रविराज म्हणाले. त्यांच्या आवाजातला टोमणा एव्हाना गेला होता. "चौतीस कोणाला सांगितला होता?"

 खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून हुज्जत घालत होतं. चीफनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"घरी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी, आमोद आणि रविराज गाळ्यात होतो. शटर रविराजांनी उघडलं होतं. दारात चीफ येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे उल्काकाकू. इस्त्रीची साडी, हातात पर्स, एखाद्या कचेरीत कामाला आल्यासारख्या.

"रविराज, दोन मिनिटं आत येऊ का?" चीफनी विचारलं. त्या गाळ्यात आजवर परवानगी त्यांनी दिली होती. त्यांना ती मागताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"या की. काकू, या."

काकू चीफना ओलांडून आत आल्या आणि माझ्याशी बोलायला लागल्या. चीफ तिथे नसल्यासारख्याच.

"काल रात्री जेवताना मला विचारतात, चौतीस कोणाला सांगितलास? मी म्हटलं, मुक्ताईला. आणि कोणाला सांगणार? ह्यांच्या धुवायच्या शर्टात टँकरचं नळीसकट चित्र सापडलं, तेही तिलाच सांगितलं होतं. बहिणीला सांगणं म्हणजे काय सांगणं असतं होय? ती राजसला बोलली असेल, ते तिचं चुकलं, आणि माझंही चुकलं. रविराज, मी तुमची माफी मागते."

"अहो काकू, असू द्या..."

"असू द्या कसं? माझंही चुकलं म्हटलं ना. पण अपूर्वा, मला सांग. सगळं आयुष्य बायका विचारायच्या, मिस्टर कुठे असतात? मी म्हणायची, माहीत नाही. त्या म्हणायच्या, इश्श, असं कसं? नवरा सांगून गेला नाही म्हणजे पळूनच गेला, असं बघायच्या. मी म्हणायची, नियम आहे. यंदा पहिल्यांदा हे आपणहून म्हणाले, तुला म्हणून सांगतो, माझ्या जहाजाचा नंबर चौतीस. मी किती दिवस तो मनात घोळवला. भाजी निवडताना, कुकर लावताना. मग मुक्ताईला फोन केला. म्हटलं, अगं, ह्यांचं जहाज चौतीस नंबरचं. आणि तो खोटा होता. नियम म्हणून."

"उल्का," चीफ म्हणाले.

"तुम्ही दाखवणार होतात ना? दाखवा."

चीफनी रविराजांकडे बघितलं. रविराजांनी मान हलवली. चीफनी वाकून ताडपत्रीची दोरी सोडली. त्यांना गाठ लगेच सुटेना. ती त्यांचीच गाठ होती. ताडपत्री सरकली आणि टँकर दिसला. राखाडी, लांब, डेकवर हाताने वळवलेल्या बारीक तारांचे कठडे, नळी उचलून धरणारा छोटा यारी-दांडा, मागच्या बाजूला तांदळाएवढे दिवे. बाजूवर पांढरा नंबर होता. सत्तेचाळीस.

"हा खरा," चीफ म्हणाले.

काकू चष्मा लावून पुढे झाल्या. जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी सावकाश बघितलं. एका ठिकाणी थांबल्या, खाली वाकल्या. "हे काय?"

"विजेची खोली. मी तिथे असायचो."

"खिडकी नाही."

"नव्हती."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता त्या काही बोलतील, निदान त्या खिडकी नसलेल्या जागेवर हात ठेवतील. त्यांनी हात पुढे केला, पण तो नंबरावर नेला. चारावर बोट टेकवलं, जरा दाबलं, घासलं आणि बोट उजेडात धरून बघितलं. बोट कोरडं होतं. मग त्यांनी ते नाकाशी नेलं.

"हा रंग वाळायला किती वेळ लागतो हो?" त्यांनी विचारलं. चीफना नाही, आमोदला.

आमोदने चीफकडे बघितलं, मग माझ्याकडे. खोटं बोलायला त्याला आवडलं असतं, असं मला वाटलं. "दोन तास, काकू," तो म्हणाला. "पंखा लावला तर कमी."

"काल जेवणं झाल्यावर हे बाहेर गेले होते. हाही नंबर कालच रंगवलेला नसेल कशावरून?"

"फिरायला," चीफ म्हणाले. "नदीपात्रात. किल्ली रविराजांकडे होती, उल्का. त्यांना विचार."

"विचारते की," काकू म्हणाल्या, आणि पर्स दुसऱ्या हातात घेऊन रविराजांकडे वळल्या.