चाळीस मीटरचा पाइप

खाणकंपनीच्या त्या कचेरीत संख्याशास्त्र शिकलेली एकच बाई होती आणि तिचं कुणी ऐकत नसे. दोन किलोमीटर लांब टेकडी. तिच्यावर सारख्या अंतराने सहा बोअर मारायचे, म्हणजे तांबं कुठे किती आहे याचा निदान धड अंदाज येईल, असा तिचा आराखडा. साहेबांनी त्यावर सही केली आणि चहाचा कपही त्यावरच ठेवला.

पहिल्याच बोअरला तांबं लागलं. झालं, साहेबांना आकाश ठेंगणं! उरलेले पाचही त्यांनी त्या पहिल्याभोवतीच मारायला लावले. सगळीकडे तांबं लागलं. लागेल नाहीतर काय? एकाच माणसाला सहा वेळा नाव विचारलं तर वेगळं काय येणार! मग साहेबांनी सहांची सरासरी काढली आणि अख्ख्या टेकडीच्या गळ्यात बांधली.

एरवी तिने कपाळावर हात मारून सोडून दिलं असतं. पण बोअरचं मशीन चालवणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ. खाण सुरू झाली की तुला कायम करतो, असं साहेबांनी त्याला सांगितलेलं. तो खुळा पोरांसाठी इथली शाळासुद्धा बघून आला होता. खाण पुढे फसली तर भर वर्षात त्या पोरांचं काय?

निर्णयासाठी हेड ऑफिसहून तिघे आले. तिने आलेख दाखवले. एकाने जांभई दिली.

"मॅडमना आकड्यांचं वेड," साहेब हसले. "तांबं डोळ्यांना दिसतंय ना!"

तिघांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. तिचं डोकं फिरलं. दगडांचे नमुने घेऊन आलेला भाऊ दाराशीच उभा होता.

"काय रे, टाकीपासून मशीनपर्यंत पाण्याचा पाइप केवढा?"

"चाळीस मीटर."

"सहा बोअरमध्ये किती वेळा वाढवलास?"

भावाने हातातले नमुने खाली ठेवले. त्याला प्रश्न बरोबर कळला होता. आपण त्याच्याकडे काय मागतोय हे तिलाही कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"नीट आठव हं," साहेब लाडाने म्हणाले.

"एकदाही नाही," भाऊ म्हणाला. "टाकीपण हलवली नाही."

तिघांनी खिडकीतून ती दोन किलोमीटरची टेकडी पाहिली. आता जांभई कुणालाच आली नाही.

काम बंद झालं. साहेबांना दुसरी, याहून मोठी टेकडी मिळाली; असल्यांना मिळतेच. भावाने पाइप गुंडाळला. त्याला कितीसा वेळ लागणार?

"शाळा चांगली होती गं, ताई," तो म्हणाला आणि पाइप गाडीत टाकला.